दोन गटांचा इसम

मी रक्तपेढीत कामास लागले तेव्हा ज्या गोष्टीविषयी कोणालाही, अगदी कालपरवा रुजू झालेल्या उमेदवारालाही, शंका घेण्याची मुभा नसते अशी एकच गोष्ट मला प्रथम शिकविण्यात आली, आणि ती ही की माणसाचा रक्तगट बदलत नाही. ताप येतो आणि उतरतो, हिमोग्लोबिनचे मान खाली-वर होते, पांढऱ्या पेशींची संख्या सकाळी एक तर सायंकाळी दुसरी असू शकते. परंतु कार्ल लँडस्टायनरने व्हिएन्नात १९०१ साली जे तीन गट वर्णिले आणि ज्यांत पुढील वर्षी त्याच्या सहकाऱ्यांनी चौथ्याची भर घातली, त्यांपैकी जो एक जन्मतः आपल्या वाट्यास आला तो सरणापर्यंत आपला. आमच्या खात्यातील सारी सावधगिरी या एका गृहीतावर आधारलेली आहे. नमुना आला की त्याचा गट काढावयाचा, लगोलग दप्तर उघडून त्याच इसमाची मागील नोंद पाहावयाची, आणि गेल्या वर्षी बी असलेला इसम आज ए निघाला तर तो इसम तरी निराळा आहे, नळी तरी निराळी आहे किंवा तिच्यावरची चिठ्ठी तरी निराळी आहे असे समजून पिशवी अडवून ठेवावयाची आणि नवा नमुना मागवावयाचा, हा आमचा शिरस्ता. आणि या शिरस्त्याने किती जीव वाचविले असतील याची गणती कोणी ठेवलेली नाही, कारण जे अनर्थ घडलेच नाहीत त्यांच्यासाठी कोणत्याही रजिस्टरात रकाना नसतो.

पुढे आमच्या रुग्णालयात अस्थिमज्जारोपणाचा विभाग उघडला, त्यास रक्त पुरविण्याची जबाबदारी आमच्याकडे आली, आणि त्याबरोबर या नियमास असा एक अपवाद आमच्या पदरी पडला की ज्यात रक्तगट बदलणे हेच उपचार फळास आल्याचे लक्षण मानावे लागते. ज्याची रोगग्रस्त मज्जा औषधांनी किंवा किरणांनी नष्ट करून तिच्या जागी भावाची अथवा बहिणीची मज्जा रुजविली, त्याच्या शरीरात पुढे निर्माण होणारी तांबडी पेशी त्या भावंडाच्या गटाची असणार, हे समजण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. अडचण निराळीच होती. नळीत बदललेला गट दिसला म्हणजे एक तर कोणाच्या तरी हातून चूक झालेली असते, नाही तर रोपण रुजलेले असते, आणि चूक व यश या दोहोंचे रूप नळीत तंतोतंत सारखे असते. ती नळी रोपणानंतर कोणत्या दिवशी, मध्यंतरी कोणत्या गटाच्या किती पिशव्या दिल्यावर भरली गेली हे ठाऊक नसताना नुसत्या तिच्याकडे पाहून निकाल देणारा मनुष्य कितीही निष्णात असला तरी तो अंदाज बांधीत असतो, एवढेच म्हणता येईल. माझ्या नोकरीची उत्तरार्धातील बहुतेक वर्षे हा अंदाज टाळण्यात खर्ची पडली.

या विभागात दाखल होणाऱ्या कुटुंबांना पहिला धक्का बसतो तो मात्र याहून बऱ्याच आधी. बार्शीकडच्या एका शेतकऱ्याचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगासाठी आमच्याकडे आला होता, आणि त्याच्या थोरल्या भावाची मज्जा जुळल्याचे कळून धर्मशाळेतल्या त्यांच्या खोलीत पेढे वाटून झाले होते. दुसऱ्या दिवशी मी गटांची चिठ्ठी समजावून सांगू लागले तेव्हा त्या गृहस्थांनी मला मध्येच थांबविले. "मॅडम, काल मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, दोघांचं दहाच्या दहा जुळलं. आज तुम्ही म्हणता धाकट्याचं रक्त ओ अन् थोरल्याचं ए. मग जुळलं ते काय जुळलं?" प्रश्न अगदी बिनतोड होता. शेजारच्या गावात कोणाचे तरी मूत्रपिंड बदलले गेले होते आणि तिथे गट जुळत नाही म्हणून सख्ख्या मेव्हण्याला परत पाठविले होते, ही हकीकतही त्यांना ठाऊक होती.

त्याचे उत्तर असे, की शरीर आपले आणि परके ज्या खुणांवरून ओळखते त्या एचएलए नामक खुणांचा, ज्यांचा छडा लावण्यास फ्रान्समध्ये ज्यां दोसे याने १९५८ साली प्रारंभ केला आणि ज्याबद्दल त्यास १९८० साली नोबेल पारितोषिकाचा एक हिस्सा मिळाला, त्यांचा वारसा सहाव्या गुणसूत्राच्या जोडीवरून येतो, तर ए-बी-ओ या गटांचा वारसा नवव्या जोडीवरून. आणि आईबापांकडून मुलांकडे येताना या दोन जोड्यांची वाटणी परस्परांशी कसलीही सल्लामसलत न करता होत असते. सख्ख्या भावंडांपैकी कोणा एकाशी एचएलए पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक. आणि तो भाग्याने जुळला म्हणून गटही जुळेल अशी हमी निसर्गाने कोणास लिहून दिलेली नाही. म्हणूनच एकंदर रोपणांपैकी सुमारे एकतृतीयांश ते निम्मी रोपणे गट न जुळताच होतात. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ए-बीच्या खुणा असल्यामुळे विरुद्ध गटाचे मूत्रपिंड शरीर एरवी तत्काळ जाळून टाकते. मज्जेतील ज्या मूळ पेशींवर पुढचे सारे अवलंबून असते त्यांच्यावर मात्र या खुणा नसतात, त्या पुढे तांबडी पेशी घडत असताना उमटतात. निसर्गाने ठेवलेल्या या एका फटीतून रोपणाचा हा मार्ग गेलेला आहे. अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी १९५७ साली पहिले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांना १९९० साली नोबेल मिळाले. मधल्या काळात, १९८३ साली, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले रोपण केले, आणि त्यामागून तीन वर्षांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात थॅलेसेमियासाठी ते सुरू झाले. हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले नाही. "जुळायला पाहिजे ते जुळलं आहे, जे जुळलं नाही ते आम्ही सांभाळू," एवढेच सांगितले, आणि यातल्या दुसऱ्या वाक्याचा भार पुढे वर्षभर आमच्या खात्यावर राहिला.

ओ गटाच्या रुग्णास ए गटाच्या दात्याची मज्जा, या जोडीस मेजर मिसमॅच म्हणतात, कारण रुग्णाच्या रक्तद्रवात दात्याच्या तांबड्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे जन्मानंतर काही महिन्यांतच तयार होऊन बसलेली असतात. मज्जा कमरेच्या हाडातून काढली असेल तर तिचे माप लिटरभर भरू शकते, आणि तीतील तांबड्या पेशी वेगळ्या केल्यावाचून ती पिशवी चढविणे म्हणजे विरुद्ध गटाचे रक्त जाणूनबुजून देणे होय. हल्ली बहुधा दात्यास चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूळ पेशी वाहत्या रक्तात उतरवितात आणि यंत्राने टिपून घेतात, त्या पिशवीत तांबड्या पेशी अगदीच अल्प असल्यामुळे हा धोका पुष्कळ ओसरला आहे. त्या मुलाची पिशवी अशीच यंत्रावरची होती आणि ती कसलाही त्रास न होता त्याच्या अंगात गेली. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी दिसू लागल्या. पाठोपाठ प्लेटलेट वाढल्या. विभागातील परिचारिकांनी त्याच्या काचेच्या खोलीवर रंगीत कागदाची फुले चिकटविली. आणि तांबड्या पेशी मात्र येईनात.

हा प्रकार या जोडीत अपरिचित नाही. दोन महिने उलटून गेले तरी त्याची रेटिक, म्हणजे नवजात तांबड्या पेशींची गणना, शून्याच्या आसपास घुटमळत होती, आणि मज्जेचा नमुना काढून पाहिला तेव्हा पांढऱ्या पेशींची पिलावळ भरघोस असताना तांबड्यांची जागा ओस पडलेली होती. कारण असे की रोपणापूर्वीच्या जहाल औषधांनी जुनी मज्जा नष्ट होत असली तरी प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या काही चिवट पेशी तीतून बचावतात, आणि त्यांच्या कारखान्यातून ए-विरोधी प्रतिपिंड महिनोन्‌महिने बाहेर पडत राहते. भावाच्या मज्जेतून एखादी कोवळी पेशी तांबडी होऊ लागली, तिच्यावर ए-ची खूण उमटली, की ते प्रतिपिंड तिला तिथेच गाठून संपविते. औषधे सौम्य वापरली असतील तर हा काळ अधिक लांबतो. मी हे त्या गृहस्थांना जमेल तितके सोपे करून सांगितले, तेव्हा त्यांनी क्षणभर विचार करून जे म्हटले त्यापेक्षा चांगले स्पष्टीकरण मला पुढेही कोणत्याही ग्रंथात आढळले नाही: "म्हणजे खरेदीखत झालं, फेरफार लागला, सातबारावर थोरल्याचं नाव चढलं, पण जुना वहिवाटदार काही कब्जा सोडीना."

कब्जा सुटेपर्यंत करावयाचे ते आमचे काम. रुग्णास तांबड्या पेशी द्यावयाच्या त्या ओ गटाच्याच, कारण शरीरात ए-विरोधी प्रतिपिंड आहे. परंतु प्लाझ्मा आणि प्लेटलेट द्यावयाच्या त्या ए गटाच्या, कारण ओ गटाच्या प्लेटलेट ज्या प्लाझ्मात तरंगत असतात त्यातून आणखी ए-विरोधी प्रतिपिंड आत जाईल आणि ज्या शत्रूला उपाशी मारावयाचे त्यालाच आपण शिधा पोहोचविल्यासारखे होईल. एका माणसास एकाच दिवशी दोन निरनिराळ्या गटांच्या पिशव्या जातात हे पाहून रात्रपाळीस असलेला नवा तंत्रज्ञ हमखास बिचकतो, आणि त्याने बिचकावे अशीच माझी इच्छा असे. या कामात निर्धास्तपणा हा गुण नव्हे.

दर काही दिवसांनी आम्ही त्या प्रतिपिंडाचे टायटर मोजीत होतो. रक्तद्रव निम्म्यानिम्म्याने पातळ करीत जावयाचा आणि कितव्या पातळीपर्यंत तो ए पेशींना एकत्र खेचतो ते पाहावयाचे, एवढेच ते काम. पण महिन्यांमागून महिने एकाच आकड्याभोवती फिरणारे ते कोष्टक भरताना हात जड होत असे. उपाय पुष्कळ आहेत, आणि उपाय पुष्कळ असणे हे बहुधा कोणताच खात्रीचा नसल्याचे चिन्ह असते. नव्या मज्जेला आवरून धरणारे सायक्लोस्पोरिन हळूहळू कमी केले तर भावाच्या पांढऱ्या पेशी जुन्या वहिवाटदाराला हुसकून लावतात, पण त्याच पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर आणि यकृतावरही उठण्याचे भय असते, यंत्रावर प्लाझ्मा बदलून प्रतिपिंड काढून टाकता येते, पण कारखाना चालू असतो तोवर ते पुन्हा भरते, रिटुक्सिमॅब हे औषध आहे, मायलोमासाठी निघालेले डॅराटुमुमॅब या चिवट पेशींवरच घाव घालीत असल्यामुळे अलीकडे तेही दिले जाते, आणि त्याच्या किमतीचा आकडा ऐकून बार्शीकडचा मनुष्य गप्प बसतो. यांशिवाय आणखी एक उपाय आहे, तो म्हणजे वाट पाहणे; बहुतेकांच्या बाबतीत जुने प्रतिपिंड कधी ना कधी आपोआप आटते. विभागातील डॉक्टरांत यावरून मतभेद असत आणि माझे मत कोणी विचारले नाही तरी ते वाट पाहण्याच्या बाजूचे होते. मात्र हेही सांगितले पाहिजे की ज्याला पिशव्यांची तजवीज करावी लागत नाही त्याला वाट पाहणे सोपे जाते. तांबड्या पेशींच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, शरीर दिवसाकाठी फार तर एखाद-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकू शकते, आणि उरलेले यकृतात व हृदयात साचत राहते. म्हणजे ज्या पिशवीने मुलगा आज उठून बसला तिचीच भरपाई त्याने पुढे रोज लोह उतरविणारी गोळी घेऊन करावयाची.

पिशव्यांच्या तजविजीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण तिच्यावरून आमच्या खिडकीशी झालेले वाद इतर सर्व वादांपेक्षा संख्येने अधिक भरतील. आपल्या मुलाला आपलेच रक्त द्यावे असे बापाला वाटणे किती स्वाभाविक आहे! पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली, त्याआधीचा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना तर घरच्या रक्तासारखे निर्मळ रक्त नाही असे मनापासून वाटते. गावाहून एक जीप भरून काका, मामा, चुलतभाऊ येतात, प्रवासाने शिणलेले असतात, बाहेरच्या टपरीवर चहा घेऊन बाह्या सरसावून आमच्यासमोर उभे राहतात, आणि आम्ही त्यांना सांगतो की तुमचे रक्त आम्ही घेऊ, परंतु ते या मुलास देणार नाही. रोपणापूर्वी घरच्यांचे रक्त दिले तर रुग्णाचे शरीर त्यांच्या खुणांना आधीच ओळखून ठेवते आणि मग त्याच घरातून आलेली मज्जा झिडकारण्याची शक्यता वाढते. आणि कोणत्याही काळी, रक्ताच्या नात्यातील माणसाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरास परक्या न वाटल्यामुळे तिथे तग धरतात, वाढतात आणि उलट त्या शरीरावरच चालून जातात. हा विकार विरळा असला तरी झाला तर त्यातून सहसा कोणी वाचत नाही. म्हणून या विभागात जाणारी तांबड्या पेशींची आणि प्लेटलेटची प्रत्येक पिशवी, मग ती कोणाचीही असो, आधी किरणयंत्रात ठेवून तिला २५ ग्रेची मात्रा द्यावी लागते, म्हणजे तीतील लिंफोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी वाढण्यास असमर्थ होतात आणि तांबड्या पेशी मात्र आपले काम करीत राहतात. पिशवीवर एक लहानशी चिठ्ठी असते, किरण लागलेले नाहीत असे सांगणारी. यंत्रातून बाहेर येते तेव्हा तिच्यातील नकार काळा पडलेला असतो. मी ती चिठ्ठी कित्येक काकामामांना हातात देऊन दाखविली आहे. काहींची समजूत पटली, काही रागावून निघून गेले, आणि एका आजीबाईंनी मला सरळ विचारले की नातवाला आजीचे रक्त नको आणि रस्त्यावरच्याचे चालते, हे कसले शास्त्र. त्यांना मी जे उत्तर दिले ते बरोबर होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ते उत्तर असल्यासारखे वाटत नव्हते.

उलट जोडी असते तेव्हा, म्हणजे रुग्ण ए आणि दाता ओ, त्यास मायनर मिसमॅच म्हणतात. नाव ज्यांनी दिले त्यांच्या मनात काय असेल ते असो, मला स्वतःला मेजरपेक्षा याचीच धास्ती अधिक वाटत आली. मेजरमध्ये संकट असते ते दीर्घ, कंटाळवाणे आणि दप्तरात दिसणारे. मायनरमध्ये दात्याच्या मज्जेबरोबर पाहुण्यासारख्या आलेल्या लिंफोसाइट पेशी नव्या घरात सगळीकडे ए-च्या खुणा पाहून प्रतिपिंडे निर्माण करू लागतात, आणि रोपणानंतर साधारण पाचव्या ते पंधराव्या दिवसांच्या दरम्यान एखाद्या रात्री रुग्णाच्या स्वतःच्या उरलेल्या तांबड्या पेशी धडाधड फुटू लागतात. लघवी काळसर होते, हिमोग्लोबिन काही तासांत निम्म्यावर येते, मूत्रपिंडे धोक्यात सापडतात. अशा रात्री आम्हास फोन येई तो आधी धापा टाकणाऱ्या निवासी डॉक्टरांचा, आणि आमचे काम एवढेच असे की ओ गटाच्या किरणित पिशव्या फ्रीजमध्ये आधीपासून राखून ठेवलेल्या असाव्यात. म्हणूनच या जोडीत आम्ही उपचाराच्या पहिल्या दिवसापासून ओ तांबड्या पेशीच देत असू, की फुटावयास ए पेशी जितक्या कमी उरतील तितके बरे. प्लाझ्मा आणि प्लेटलेट मात्र रुग्णाच्या जुन्या गटाच्या. रुग्ण ए आणि दाता बी असला म्हणजे दोन्हीकडून वैर; तेथे तांबड्या पेशी ओ आणि प्लाझ्मा एबी याखेरीज गत्यंतर नाही, आणि एबी गटाची माणसे आपल्याकडे चार गटांत सर्वांत थोडी. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. मे महिन्यात महाविद्यालये बंद, चाकरमानी कोकणात, शिबिरे ओस. चौदा एप्रिलच्या जयंतीस आणि गणेशोत्सवात मंडळांच्या मांडवाखाली रांगा लावणारी हीच मुंबई दिवाळीच्या आठवड्यात एबी गटाच्या एका प्लेटलेटसाठी आम्हास कल्याणपासून विरारपर्यंत फोन करावयास लावीत असे.

अशाच एका ए-ओ जोडीच्या रुग्णाच्या बाबतीत जे घडले ते या कामाचे मर्म मला सर्वांत स्वच्छ दाखवून गेले. रोपण होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. सकाळी विभागातून नमुना आला, आमच्या तरुण तंत्रज्ञाने गट काढला आणि तो उजळलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला: "मॅडम, गट बदलला. ओ आला, अगदी स्वच्छ ओ." गट तपासण्याचे जेल कार्ड मी हातात घेऊन पाहिले. खरोखरच स्वच्छ ओ होता. आणि त्या स्वच्छतेचीच मला शंका आली. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे एकशेवीस दिवसांचे. ज्या माणसाच्या अंगात दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत स्वतःच्या ए पेशी वाहत होत्या, ज्याला मध्यंतरी ओ पेशींच्या काही पिशव्या मिळाल्या, आणि ज्याची लघवी कधी काळवंडली नव्हती, त्याच्या रक्तात ए-चा मागमूस उरू नये हा हिशेबच जमत नव्हता. तिथे काही पेशी वर आणि काही तळाशी अशी संमिश्र रेषा दिसावयास हवी होती. पिशवी अडवून दुसरा नमुना मागविला, आणि तो भरताना आमचा मनुष्य खाटेजवळ जाऊन उभा राहिला. दुसऱ्या नळीत संमिश्र रेषा अगदी पुस्तकात काढल्याप्रमाणे होती. पहिली नळी शेजारच्या खोलीतल्या रुग्णाची होती. तो जन्माचाच ओ. गंमत अशी की रोपणाचा रुग्ण नसता, तर मागील नोंद ए आणि आजचा निकाल ओ एवढे पाहूनच आमच्या शिरस्त्याने ही चूक जागच्या जागी पकडली असती. रोपण झाल्यामुळे चुकीला यशाचा वेष मिळाला, आणि तिला ओळखले ते कोणत्याही रसायनाने नव्हे, तारखांच्या वजाबाकीने. त्यानंतर आम्ही या विभागाच्या रुग्णांसाठी निराळे रजिस्टर घातले: रुग्णाचा जन्मगट, दात्याचा गट, रोपणाची तारीख, दिलेल्या प्रत्येक पिशवीचा गट, आणि आज अपेक्षित असलेला निकाल. हा अखेरचा रकाना नमुना उघडण्यापूर्वीच भरावयाचा. तरुण मंडळींना तो प्रारंभी निरर्थक वाटे. संगणक आल्यावर तो संगणकात घालावा म्हणून मी जितकी पत्रे लिहिली तितकी माझ्या पेन्शनसाठीही लिहिली नसतील.

गट अधिकृतपणे बदलावयाचा कधी, हाही दप्तरी प्रश्नच. जुने प्रतिपिंड सापडेनासे झाले, पेशींवर कसलेही प्रतिपिंड चिकटलेले नाही असे कूम्ब्स चाचणीने दाखविले, आणि रुग्णाच्या जुन्या पेशी दिसेनाशा झाल्या, की मग दात्याच्या गटाची पिशवी देण्यास हरकत नाही. तरीही बदल पूर्ण होत नाही. ए-चा ओ झालेल्या माणसाच्या तांबड्या पेशी ओ होतात. पण त्याच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, त्वचेत, बहुधा लाळेतही ए-ची द्रव्ये जन्मभर राहतात, म्हणून नवी मज्जा ए-विरोधी प्रतिपिंड सहसा करीत नाही. पेशी म्हणतात ओ, रक्तद्रव म्हणतो ए, आणि दोघेही खरे बोलत असतात. जिल्ह्याच्या रक्तपेढीत असा नमुना पोहोचला तर तेथील तंत्रज्ञाने गोंधळून जाणे केवळ क्षम्य नव्हे, तर योग्यच आहे. नुसत्या पेशी तपासून गट लिहून मोकळे होण्याची सवय किती महागात पडते हे मुंबईला निराळे शिकविण्याची आवश्यकता नाही. १९५२ साली भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधील सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात ज्या गटाची प्रथम वार्ता दिली आणि जो आज जगभर बॉम्बे गट म्हणून ओळखला जातो, तो पेशींच्या तपासणीत ओ-सारखाच दिसतो, आणि रक्तद्रव ओ पेशींशी ताडून पाहिल्यावरच उघडा पडतो. दोन्हीकडून तपासल्याखेरीज गट लिहू नये, हा धडा आम्ही ज्यांच्याकडून घेतला ते याच शहरातल्या प्रयोगशाळांत काम करीत होते.

बार्शीच्या त्या मुलाचे टायटर सातव्या की आठव्या महिन्यात खाली येऊ लागले. डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिन थोडे थोडे कमी केले होते. त्याने फरक पडला की वेळेने, हे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. एके दिवशी रेटिकचा आकडा हलला, पुढच्या पंधरवड्यात पिशवी मागण्यास कोणी आले नाही, आणि जेल कार्डावर ए पेशींची पातळ रेषा वर दिसू लागली; पुढे ती जाड होत गेली आणि तळाची ओ रेषा, जी आता सर्वस्वी अनोळखी दात्यांची होती, पुसट होत गेली. दोन्ही भाऊ ए झाल्याची चिठ्ठी मी लिहिली तेव्हा वडिलांनी ती दोनदा वाचली आणि घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

आम्ही अशा प्रत्येक रुग्णास घरी जाताना एक दाखला देत असू. त्यात जन्मगट, दात्याचा गट, रोपणाची तारीख, आजचा गट, कोणत्या घटकाची पिशवी कोणत्या गटाची द्यावी, किरणित रक्ताखेरीज देऊ नये, आणि शंका असल्यास या क्रमांकावर फोन करावा, असा मजकूर मराठीत आणि इंग्रजीत असे. तो प्लास्टिकमध्ये घालून रुग्णाने सदैव जवळ बाळगावा अशी ताकीद असे. त्या मुलाने दोन वर्षांनी मोटारसायकलचा परवाना काढावयास अर्ज केला आणि रक्तगटाच्या रकान्यात ए पॉझिटिव्ह लिहिले. कार्यालयातील कारकुनाने त्याच्या शाळेच्या जुन्या ओळखपत्रावरचा ओ दाखवून अर्ज परत केला; माणसाचा रक्तगट बदलत नाही, एवढे तर सर्वांना ठाऊक असते, असे तो म्हणाला म्हणे, आणि माझ्या पहिल्या वरिष्ठांनी त्याला शाबासकीच दिली असती. मुलाने फोन करून विचारले, आता काय लिहू? रकाना एकच होता आणि त्यात तारखेला जागा नव्हती. मी त्याला ए लिहावयास सांगितले, दाखल्याची प्रत अर्जास जोडावयास सांगितली, आणि त्या कारकुनाच्या नावे आमच्या शिक्क्याचे एक स्वतंत्र पत्र पाठविले, ज्यात मजकूर इसमाचा गट अमुक तारखेपर्यंत ओ होता व त्यानंतर तो ए आहे, आणि दोन्ही नोंदी खऱ्या समजाव्यात, असे लिहिले होते. परवाना पुढच्या महिन्यात मिळाला.